रोजचा एक पेला

मी शाळेत मराठी शिकवतो. ‘मर्यादा’ हा शब्द फळ्यावर लिहून मी वर्षानुवर्षं सांगत आलो : हद्द दुसरा आखून देतो, मर्यादा आपली आपण पाळायची असते.

आमच्या घरात तो शब्द डॉक्टरांनी आणला. आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. "दिवसाला पाऊण लिटर पाणी. ही मर्यादा समजा," डॉक्टर म्हणाले. रोज सकाळी बाटली मापून भरायचं काम मी घेतलं.

संध्याकाळी फिरायला म्हणून आबांना दूधकट्ट्यावर न्यायचो. तिथं म्हशीची धार थेट पेल्यात पडते. आबा तरणे असल्यापासूनचं त्यांचं ते ठिकाण. पहिल्या दिवशी मी अडवलं.

"आबा, मर्यादा आहे."

"ती पाण्याची. दूध म्हंजे पाणी हाय व्हय?"

गवळी हसला. "मास्तर, आमच्या दुधात पाणी न्हाय. पायजे तर लिहून देतो."

मीही हसलो, आणि फेसाळता पेला आबांच्या हातात दिला. मग तो रोजचाच झाला. डॉक्टरांना विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते. म्हणूनच मी विचारलं नाही.

आबांच्या पायांवर मोज्यांची रेघ खोल उमटू लागली. बोटानं दाबलं की पडलेला खड्डा भरून यायला वेळ लागे. झोपताना एका उशीच्या तीन झाल्या. श्वासात बारीक घरघर आली. आम्ही कट्ट्यावर जातच होतो.

परवा डायलिसिसच्या आधी सिस्टरनी आबांचं वजन केलं. काटा बघून त्यांना पुन्हा उभं केलं आणि डॉक्टरांना बोलावलं.

"पाणी किती पितात?" डॉक्टरांनी विचारलं.

आबा माझ्याकडं बघत होते.

"मर्यादेतच," मी म्हणालो. "बाटली मीच भरतो."

"तरी अंगात एवढं पाणी साठतंय, म्हणजे हृदयाचंच काहीतरी असणार. त्याची औषधं बदलू." ते लिहायला आपल्या खोलीत गेले.

आबांनी माझी बाही धरली. "सांगू नगंस. पेला बंद हुईल."

त्यांचे ओठ निळसर दिसत होते. मी बाही सोडवून घेतली आणि डॉक्टरांच्या दारात जाऊन दुधाचं सांगितलं.

"कधीपासून?"

"गणपतीच्या आधीपासून. रोज."

त्यांनी पेन खाली ठेवलं. लिहिलेला कागद फाडला, उठले, आणि माझ्या आधी आबांपाशी पोचले.