पंखा उलटा लावणारे प्रभाकाका

प्रभाकाकांनी मला एकदा जवळजवळ गुदमरवून मारलं होतं.

आज सकाळी सांगलीत ते वारले.

रियाध. गल्फ वॉर सुरू व्हायला थोडेच दिवस उरले होते. मी नऊ वर्षांची, दम्याची पेशंट. आई हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची सिस्टर. बाबा सुट्टीवर नाशिकला गेले ते तिकडेच अडकलेले.

काका खालच्या मजल्यावर राहायचे, आईच्याच हॉस्पिटलच्या अँब्युलन्स दुरुस्त करायचे. नात्याचे कुणी नाहीत. पण जेवायला रोज आमच्याकडे, आणि वर भाजीला नावं ठेवायची.

माणसाला वेड एकच. एक अमेरिकन रेसिंग कार. टेक्सासची, पांढरीशुभ्र. वर्कशॉपमधल्या जुन्या मॅगझिनमध्ये सापडलेली.

रोज ताटावर तिचा इतिहास. बनवणाऱ्यांनी आधी तिच्या पाठीवर उंच पंख बसवला. उडायला नाही, मागची चाकं रस्त्यावर दाबून धरायला. त्यावर बंदी आली. मग त्यांनी मागे पंखे बसवले, चांगले दोन. गाडीखालची हवा खेचून बाहेर फेकायची, की गाडी रस्त्याला चिकटलीच. बाकीच्यांनी बोंब ठोकली, त्यावरही बंदी.

"पंख काढायला लावला, तर पठ्ठ्यांनी पंखा लावला. कळलं का मनू?"

आई म्हणायची, भाऊजी, वरण गार होतंय.

गॅस सोडतील अशी भीती होती. जो तो घरातली एक खोली सील करत होता. खिडक्यांना प्लास्टिक, फटींना टेप. आम्हीही केली.

त्या कोंदट खोलीत दहा मिनिटांत माझी छाती वाजायला लागली.

आईचा पासपोर्ट हॉस्पिटलकडे, सुट्ट्या रद्द. तिने ठरवलं, ओळखीचं एक कुटुंब निघालंय, त्यांच्याबरोबर मनूला नाशिकला पाठवायचं.

मी घर डोक्यावर घेतलं. आईला तिथे एकटं टाकून मला कुठेही जायचं नव्हतं.

काका म्हणाले, वहिनी, मला एक दिवस द्या.

दुसऱ्या दुपारी त्यांनी किचनमधला एक्झॉस्ट फॅन उपसून त्या खोलीच्या खिडकीत बसवला. दारात कोळसा भरलेली पेटी. पंखा आतली हवा बाहेर खेचणार, नवी हवा कोळशातून गाळून येणार. अगदी आपल्या गाडीसारखं, म्हणाले.

बटण दाबलं. खिडक्यांचं प्लास्टिक फुगून आत आलं, आणि प्रत्येक फटीतून रियाधची धूळ माझ्या नाकात.

मी खोकून खोकून निळी. काकांचा चेहरा पांढरा, त्या गाडीपेक्षा.

तेवढ्यात आई ड्यूटीवरून आली. आधी मला दम्याचा पंप दिला. मग एका फटीवर हात धरून उभी राहिली.

"भाऊजी, ऑपरेशन थिएटरमध्ये आम्ही हवा आत ढकलतो. मग फटीतून हवा बाहेरच जाते, घाण आत येत नाही. पंखा उलटा लावा."

काकांनी लावला. कोळशाची पेटी पंख्यामागे बाहेर नेली. आई घड्याळ लावून तासभर माझ्याजवळ बसली.

छाती वाजली नाही.

"राहू दे मनूला," आई म्हणाली. मी काकांच्या गळ्यातच पडले.

पुढे सायरन झाले. आम्ही तिघं त्या खोलीत बसून पत्ते खेळलो. काका पत्ते लपवायचे. गॅस कधी आलाच नाही, त्यामुळे तो पंखा खरंच कामाचा होता का, देव जाणे. मी आईजवळ राहिले, एवढं मात्र त्याने केलं.

त्यानंतर फोनवर काकांनी कधी हॅलो म्हटलं नाही. "मनू, हवा आत की बाहेर?" एवढंच. मी म्हणायचे, आत, काका.

गेल्या आठवड्यात मी सांगलीला गेले. त्यांना ऑक्सिजन लावलेला. या वेळी मी विचारलं.

त्यांनी मास्क जरासा उचलला. "आत. वहिनींना सांग."

आज आईला फोन केला. ती म्हणाली, "त्यांनी वाद नाही गं घातला तेव्हा. लगेच स्क्रू ड्रायव्हर मागितला."

काका, श्रद्धांजलीचे जड शब्द वाचून तुम्ही हसला असता.

तुमची मनू छान श्वास घेतेय.

या आता.