पाळण्याचे सैल दांडे

खराद्याच्या बायकोने मला वाचवलं. हे आधी लिहून टाकतो, कारण सगळ्यांत जास्त संशय मी तिच्यावरच घेतला होता.

चौथीत शाळा सुटली. विसाव्या वर्षी कोकणातून निघून शेगावला एका सुताराकडे कामाला लागलो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं. आमचे मिस्त्री पाळणे करीत. मागणी वाढली तसे कठड्याचे गोल दांडे त्यांनी दोन कोसांवरच्या एका खराद्याकडे, म्हणजे लाकूड फिरवून गोल कातणाऱ्याकडे, कातायला दिले. लाकूड आमचं, कातकाम त्याचं. पण आठवडाभराने जोडायला घेतले की दांड्यांची टोकं भोकांत सैल पडायची. आत तान्हं मूल निजायचं, आणि कठडा हलतोय!

"चोर हाये थो. आपलं चांगलं लाकूड ठेवून हलकं देऊन राह्यला," मिस्त्री म्हणाले. त्यांनी लोहाराकडून एक कडी करून घेतली. टोक कडीत घट्ट बसलं तरच दांडा घ्यायचा. तपासायला मी.

खराद्याकडे प्रत्येक टोक घट्ट बसायचं. आठवड्याने दुकानात तीच कडी त्याच टोकावर खुळखुळायची.

"काऊन बे, तपासतं का तिथं जेवून येतं?" मिस्त्री माझ्यावर खेकसले.

जेवत होतो, हेही खरं. खराद्याची बायको, मी तिला काकी म्हणायचो, दर खेपेला भाकर-ठेचा पुढे ठेवायची. घरापासून इतक्या लांब कोण कुणाला असं वाढतं? मला त्या भाकरीचाच संशय येऊ लागला. माझी मान खाली गेली की दांडे बदलत असतील. एकदा घरामागच्या परसात डोकावायला निघालो तर ती आडवी आली.

"तिकडं नोको जाऊ भाऊ. लेक बाळंतीण हाये."

मला तेही खरं वाटलं नाही.

शेवटी मिस्त्रींनी बजावलं, "गुरुवारपर्यंत चोर दाखव, नाही तं गाठोडं बांध." घरी तर मी नोकरी पक्की झाल्याचं कळवून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी काकीला तोंडावरच विचारलं, "काकी, दांडे बदलता का हो?"

"इतक्या भाकरी खाल्ल्या अन् आमालेच चोर म्हनतं?" तिने दाराबाहेर पाहिलं. खरादी बाहेर गेलेला. तिने मला परसात नेलं. तिथल्या हौदात आमचं लाकूड बुडवलेलं होतं.

"कोरडं लाकूड आमच्या मालकाच्या हाताले जड जाते. म्हून भिजवते, मंग कातते. तुमच्याकडं वाळलं का आकसते. चोरी नाई भाऊ. पन लपवलं, हे खरं."

दांडे हाताला नेहमी गार लागायचे. ते सावलीत ठेवलेले म्हणून, असं मी समजत होतो.

पलीकडे फाटक्या लुगड्याच्या झोळीत तिच्या लेकीचं बाळ झोपलं होतं. बाळंतीण खरीच होती.

गुरुवारी शेगावला महाराजांच्या दर्शनाला आली तेव्हा काकी दुकानात येऊन मिस्त्रींसमोर हेच बोलली. "तुमचा मानूस खोटा नाई," म्हणाली. मिस्त्री कडी बोटात फिरवत राहिले. मग म्हणाले, "मंग कोरडंच काता म्हना. दिवस लागले तं लागू द्या." काम तिच्या घरी राहिलं, मी दुकानात राहिलो. खरादी मात्र तिच्याशी कितीतरी दिवस बोलला नाही.

इतके दांडे त्या घरात घडले, आणि बाळ झोळीत. तेव्हाच ठरवलं, माझं दुकान झालं की पहिला पाळणा काकीच्या दारी मी स्वतः नेईन, वर्षभर वाळवलेल्या सागाचा. ते बाळ तोवर चालू लागेल. पुढच्या बाळाला तरी होईल.