जावयानं दिलेला कॉम्प्युटर

अकोल्यात आमचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. बाबा गिऱ्हाईक सांभाळतात, डिझाइन मी करते. त्यासाठीचा कॉम्प्युटर भाऊजींनी दिला, म्हणजे ताईच्या नवऱ्यानं. त्यांचं अमरावतीला कॉम्प्युटरचंच दुकान आहे. बाबांनी त्या डब्याला हार घातला, नारळ फोडला. तिथेच माझी पंचाईत झाली. आमच्या घरात जावयात खोट नसते, आणि त्यानं दिलेल्या वस्तूत तर नसतेच नसते.

आठवडाभरात तो मधेच बंद पडायला लागला. वाढदिवसाचं बॅनर निम्म्यावर आलं की पडदा निळा, पापणी लवते न लवते तोच काळा, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. बाबा म्हणायचे, "तूच काहीतरी दाबून राहिली असशील."

काय बिघडलं ते त्या निळ्या पडद्यावरच लिहिलेलं असतं, पण वाचू कोण देतं? शोधता शोधता सेटिंग सापडली. सिस्टीम कोसळली की ती आपोआप पुन्हा सुरू व्हावी, अशी तिथे खूण होती. मी ती खूण काढली. दुसऱ्या दिवशी पडदा निळा झाला तो निळाच राहिला. चूक मेमरीची होती. मी फोटो काढला आणि डबा उघडला, तर या नव्या कॉम्प्युटरमधली मेमरीची पट्टी जुनी. कुठल्यातरी ऑफिसचं स्टिकर त्यावर अर्धवट खरवडलेलं.

तेवढ्यात बाबा आले. माझं काही ऐकायच्या आधीच त्यांनी अमरावतीला फोन लावला, "पोरीनं पुरा खोलून टाकला हो!"

रविवारी भाऊजी ताईला घेऊन आले. आईनं मांडे केले. भरपेट जेवून भाऊजी दुकानात बसले, ती खूण पुन्हा केली आणि कॉम्प्युटर सुरू करून दाखवला. सुरू तर तो होणारच होता. ते बाबांना म्हणाले, "हिनं सेटिंग बदलवून ठेवली होती, मामाजी. म्हणून अडकला."

मी मोबाइल काढला, तशी ताईनं मला आत ओढलं.

"मले मालूम आहे त्यात काय टाकलं ते," ती हळूच म्हणाली. "पण तू चूप राय. तुले इथं राहाचं आहे, मले तिथं."

मी मोबाइल ठेवून दिला. भाऊजींचा राग आला, आणि खरं सांगते, तिचाही आला. जाताना भाऊजींनी सेटिंगला पासवर्ड लावला. बाबा म्हणाले, "हे बेस केलं."

कॉम्प्युटर अजूनही पडतो आणि आपला आपण उठतो. बाबा गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगतात, "पाहा, आमच्या जवायानं कसा करून देला, आपोआप चालू होते." एखाद्या दिवशी तो उठतच नाही. मग मला अमरावतीला फोन लावावा लागतो. तिकडून पहिला प्रश्न येतो, "काय दाबलं?"

बाबा समोरच उभे असतात. फोनमध्ये मागून ताईच्या भांड्यांचा आवाज येत असतो.

"दाबलं गेलं असेल काहीतरी, भाऊजी," मी म्हणते.