न चालणारा आठवा प्रयोग

बारामतीहून इंदापूरकडे जाताना उसाच्या मधोमध आमचं इंजिनिअरिंग कॉलेज लागतं. तिथं मी कॉम्प्युटर शिकवते. ‘शिकवते’ हा शब्द मी बरीच वर्षं बिनधास्त वापरला. खरं तर मी सह्या करत होते.

आमच्याकडे प्रॅक्टिकल म्हणजे जर्नल. विभागाने छापलेल्या मॅन्युअलमधून प्रोग्राम वहीत उतरवायचा, त्याचं उत्तर काय येतं तेही तिथूनच उतरवायचं, वहीला खाकी कव्हर घालायचं आणि माझी सही घ्यायची. यात कॉम्प्युटर सुरू करायची वेळच येत नसे. आली असती तरी लॅबमधले निम्मे सुरू होत नव्हते, त्यामुळे ही व्यवस्था सगळ्यांनाच मानवली होती.

एका दुपारी दुसऱ्या वर्षाची एक मुलगी जर्नल घेऊन टेबलापाशी आली. वरकुटे गावची. आजोबांच्या काळात घरी मेंढरं होती, आता ऊस. वर्गात कधी तोंड उघडायची नाही. मी सहीसाठी पेन उचललं, तर तिने वही मागे घेतली.

“मॅडम, हा आठवा प्रयोग चालतो का?”

“म्हणजे?”

“मी मैत्रिणीच्या लॅपटॉपवर टाकून बघितला. न्हाय चालत.”

आठवा प्रयोग म्हणजे दहा आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने लावायचा प्रोग्राम. “तुझंच काहीतरी चुकलं असेल,” असं म्हणत मी तिला शेजारी बसवलं आणि स्वतः टाइप केला. चालला नाही. एक कंस उघडला होता, तो बंदच केलेला नव्हता. मॅन्युअलमध्येच नव्हता. मागच्या वर्षीची जर्नलं कपाटातून काढली, त्यांच्यातही नव्हता. न चालणाऱ्या त्या प्रोग्रामचं अगदी बरोबर उत्तर शेकडो पोरांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, आणि प्रत्येकाखाली माझी सही होती. माझे कान गरम झाले.

मी विभागप्रमुखांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं.

“मॅडम, एका कंसासाठी मॅन्युअल परत छापायचं?”

“सर, पोरांना येत काहीच नाही.”

“येत नाही असं नाही. मोटिव्हेशन कमी आहे.” आणि त्यांनी लगेच उपाय केला. पुढच्याच आठवड्यात पुण्याहून कोट घातलेले एक वक्ते आले. त्यांनी पोरांना उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि ‘मी करू शकतो’ असं दहा वेळा ओरडायला लावलं. पोरांनी जीव तोडून ओरडून घेतलं. काय करू शकतो, ते मात्र वक्त्यांनी सांगितलं नाही. शेवटी त्यांनी शंका विचारायला सांगितल्या. तीच मुलगी उभी राहिली. “सर, लॅब संध्याकाळपर्यंत उघडी ठेवता येईल का?” वक्ते म्हणाले, “खूप छान प्रश्न,” आणि आभारप्रदर्शन सुरू झालं.

मग मी एकच केलं. माझ्या बॅचला सांगितलं, आठवा प्रयोग उतरवू नका. घरी जा, जिथं क्रमावरून भांडण होतं अशी एक गोष्ट शोधा आणि तिचा प्रोग्राम करा. तो चालताना दिसेल तेव्हाच सही.

वरकुट्याच्या मुलीला शोधावं लागलंच नाही. ऊस कारखान्याला आधी कुणाचा जायचा, हे लागणीच्या, म्हणजे ऊस लावल्याच्या, तारखेवर ठरतं, आणि त्या यादीला आमच्या भागात ‘तोडीचा प्रोग्राम’च म्हणतात. तिने आळीतल्या शेतकऱ्यांच्या जुलैतल्या लागणीच्या तारखा गोळा केल्या, प्रोग्राम लिहिला आणि यादी छापून पारावर नेली. सोमवारी परत आली ती रडकुंडीला येऊन.

“मॅडम, तुमी येता का? आबा ऐकतच न्हाईत.”

आबा म्हणजे तिचे आजोबा. शनिवारी मी वरकुट्याला गेले. आबा यादी मांडीवर घेऊनच बसले होते.

“बाई, तुमी शिकिवता व्हय हिला? मग हितं बगा. आमची लागण नऊ तारखंची. ह्या शेजाऱ्याची धा तारखंची. तुमच्या मशिनीनं त्येला आधी आन् मला मागं घातलंय. नऊ आधी का धा आधी?”

“आबा, नऊच आधी.”

“ते मला ठावं हाय. मशिनीला सांगा.”

तो शेजारीही तिथंच बसला होता, हसत म्हणाला, “ऱ्हाऊ द्या की आबा, मशिन चांगली हाय.”

मुलीने तारखा आकडे म्हणून नाही, अक्षरं म्हणून भरल्या होत्या. अक्षरं बघताना मशीन पहिलं चिन्ह बघतं, आणि दहातला एक हा नवाच्या आधी येतो. पुस्तकात यावर अर्धं पान आहे. मी ते दर वर्षी वाचून दाखवत असे आणि वर्ग दर वर्षी झोपत असे. इथं ओसरीवर मी तोंड उघडायच्या आतच मुलगी ओरडली, “थांबा आबा, कळलं!” तिने लॅपटॉप मांडीवर घेतला, तारखा आकडे करून टाकल्या, आणि नऊ वर सरकला. आबांनी चष्मा पुसून पुन्हा एकदा खात्री केली. “आता बराबर. आधी का केलं न्हाई?” तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी माझ्या वर्गात तोवर कधीच पाहिलं नव्हतं. मला तिचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. तिने ही चूक, ती कशी सापडली, कुणी दाखवून दिली, सगळं सांगितलं. परीक्षक मन लावून ऐकत होते. म्हणाले, “आमचाही ऊस आहे. मला हा प्रोग्राम देशील का?” तिने आनंदाने दिला. मग त्यांनी तिची वही उघडली, आठवं पान कोरं बघितलं आणि तीन मार्क कापले. मी वाद घातला. ते म्हणाले, “मॅडम, माझं मन मोठं आहे, पण मार्कांच्या तक्त्यात याला रकाना नाही.”

मार्कांचं तिला वाईट वाटलं, दोन दिवस. मग तिने खोडव्याची, म्हणजे तोडीनंतर परत फुटलेल्या उसाची, यादी वेगळी लावायला घेतली, कारण आबांना तीही हवी होती. तिचं बघून बाकीची बॅचही पेटली. कन्हेरीच्या एकाने गावातल्या पाणी सोडायच्या पाळ्या लावल्या, तर त्याच्याच चुलत्याने त्याला खोटं ठरवलं. पोरं रोज लॅबमध्ये येऊन भांडायला लागली.

महिन्याभरात मला विभागप्रमुखांचं पत्र आलं. ‘आपल्या लॅबमधून मोठा आवाज येतो. लेखी खुलासा करावा.’

मी खुलासा लिहिला. विद्यार्थी प्रोग्रामवरून वाद घालत होते, असं खरं तेच कारण दिलं. हे कारण समाधानकारक नसल्याचा शेरा तिसऱ्या दिवशी परत आला. तो फाईलला लावला आणि मी लॅबमध्ये गेले. तिथं आत शिरायला जागा नव्हती.