बहिणीची सही

आमच्या कंपनीत कुणीही पुण्याजवळ चऱ्होलीला फ्लॅट बघायला निघालं की आधी माझ्या टेबलापाशी येतं. मी मूळची त्याच गावची, म्हणजे मला तिथलं सगळं ठाऊक असणार, असा त्यांचा समज. प्रश्न ठरलेले. दरवाजा पूर्वेला आहे का, पार्किंग झाकलेलं आहे का, पोहण्याचा तलाव कधी भरणार. दिवसभर केसाएवढ्या ओरखड्यावरून माल परत पाठवणारी ही आमच्या क्वालिटी विभागातली माणसं, पण आयुष्यभराचा हप्ता मानेवर घेताना नमुना फ्लॅटमधल्या प्लास्टिकच्या फळांना भुलतात. मी विचारते, "जमीन ज्यांची होती त्यांच्या बहिणींनी सह्या केल्यात का?" मग ते माझ्याकडे असं बघतात, जणू मी त्यांच्या सत्यनारायणात शिंकले. "ते बँक बघते ना मॅडम," म्हणतात. बँक बघते, वकील बघतो, बिल्डर बघतो. कोण कसं बघतं ते मी एकदा जवळून पाहिलंय.

वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून आमची नावं लागली. आई, दादा, धाकटा आणि मी. वडील भोसरीला कंपनीत होते आणि सुट्टीच्या दिवशी शेत बघायचे. गावठाणातलं घर त्यांनीच बांधलं, तीन खोल्या आणि रस्त्याच्या अंगाला ओटा. पुढे माझी आणि आईची सही घेऊन जमिनीचा एक तुकडा विकून भावांनी बंगला उठवला आणि त्याला देवळासारखे खांब लावले, बहुधा आत कोण राहतं हे लोकांनी विसरावं म्हणून. आई मात्र जुन्या घरातच राहिली. "तुमच्या त्या चकचकीत फरशीवर चालाया मला भ्या वाटतं," एवढंच तिचं कारण. डबा आणि औषधं बंगल्यातून येत. राहायला ती स्वतंत्र होती, पण भाकरीला मुलांच्या हातात.

मी दिघीत भाड्याच्या खोलीत राहते. नवऱ्याशी पटलं नाही आणि ते मी लपवलंही नाही. दादाच्या वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागतो, त्यावर पुतण्यांपासून कुत्र्यापर्यंत सगळे झळकतात, मी नसते. त्यामुळे एका रविवारी दोघे भाऊ, दोन्ही वहिन्या आणि गल्लीत न मावणारी पांढरी गाडी दारात आली तेव्हा मी समजले, कुठंतरी माझी सही अडली आहे. साडी होती, पेढे होते. साडीवरची किमतीची चिठ्ठी नखानं अर्धवट खरवडलेली होती. आमच्याकडे ही रीतच आहे. बहिणीला साडी-चोळी करायची आणि तिच्याकडून हक्कसोड लिहून घ्यायचा, म्हणजे बापाच्या मिळकतीतला वाटा मी भावांना राजीखुशीनं सोडला, असा दस्त. भाऊबीजेला रस्ता विसरणारे भाऊ त्या कामाला बरोबर पोचतात.

"आक्का, किती वाळलीस गं," धाकटा म्हणाला.

दादाला एवढाही धीर नव्हता. "बिल्डरचा वकील आडून बसलाय. राहिलेल्या तुकड्याला तुझी न् आईची सही पायजे. न्हाईतर गिऱ्हाइकांना बँका कर्ज देत न्हाईत."

"आणि माझा वाटा?"

थोरली वहिनी पेढ्यांचा खोका उघडता उघडता थांबली. "तुमाला आमी कदी काय कमी केलं का?"

केलं नाहीच. कमी करायला आधी काहीतरी द्यावं लागतं.

"माहेर तोडायचं आसंल तर तसं सांग," दादा म्हणाला, आणि तिथं त्याचा नेम बरोबर लागला. मला जमिनीची हाव नव्हती. पण आईला भेटायला जुन्या घरी जावं लागायचं आणि त्या दारावर बंगल्यातून यांचा पहारा. मी हो म्हटलं. स्वतःची चीड आली, तरी म्हटलं.

नोंदणीचं कार्यालय मोबाइलच्या दुकानाच्या वर होतं. जिन्यावर पानाच्या पिचकाऱ्या, आत न हलणारे पंखे, आणि आयुष्यातला सगळ्यात मोठा व्यवहार करायला आलेली माणसं एकमेकांच्या खुर्च्या पळवत होती. वकिलानं माझा आणि आईचा असे दोन वेगवेगळे दस्त आणले होते. "ताई, नुसती फॉर्मॅलिटी आहे," तो म्हणाला. माझ्यासारखीला कुणी असं म्हटलं की माझा हात आधी चष्म्याकडे जातो. मी वाचायला बसले.

"कादंबरी हाय का ती?" दादा खेकसला.

शेतजमिनीचं वर्णन नीट होतं. त्याच्याच खाली, त्याच दमात लिहिलं होतं, गावठाणातील राहते घर, ओट्यासह. मी आईचा दस्त ओढून घेतला. त्यातही तेच.

"घर कशाला घातलंय यात?"

"एकदाच सगळं क्लिअर होऊन जातं ना," वकील म्हणाला.

धाकटा मात्र प्रामाणिक निघाला, मूर्ख माणसं कधी कधी असतात. "रस्त्याला गाळे काढायचेत तिथं. लई मोक्याची जागा हाय."

"आणि आई?"

"बंगल्यावर यील की. न्हाईच करमलं तर आळंदीला आश्रम हाईत चांगले. भजनात मन रमंल."

आई शेजारीच बसली होती. तिच्याबद्दल तो असा बोलला, जणू जुना फ्रीज कुठं ठेवायचा ते ठरवत होता.

मी वकिलाला म्हटलं, "जमिनीचा दस्त वेगळा करा, आत्ता सही करते. घर वगळा."

"लई शानी झालीस का?" दादा म्हणाला. "व्हईल ते सगळं एकदम व्हईल."

मला वाटलं, आता तरी आई तोंड उघडेल. तेवढ्यात तिच्या नावाचा पुकारा झाला. ती उठली, कॅमेऱ्यासमोर बसली, यंत्रावर अंगठा ठेवला आणि परत आली. भावांचा राग मला सवयीचा होता, त्या क्षणी मात्र मला आईची किळस आली. बायकाच अशा असतात म्हणून यांचं फावतं, असं मनात आलं.

माझा नंबर यायचा होता. आई म्हणाली, "मला मोरीला घेऊन चल." मी फणकाऱ्यानंच उठले.

पॅसेजच्या टोकाला कुणी नव्हतं. तिनं माझं मनगट धरलं. "तू सही करू नगं."

"मग तू कशाला अंगठा दिलास?"

"मला रोजचा डबा तिकडनं येतुया. मी न्हाई म्हणून कुठं जाऊ? तुझं काय त्यांच्या हातात हाय?" मग आवाज आणखी खाली आणून म्हणाली, "वकील मघाशी फोनवर बोलत व्हता, एक जरी सही ऱ्हायली तरी काम आडतं. खरं हाय का त्ये?"

"खरं आहे. माझा वाटा राहिला तर मला विचारल्याशिवाय त्यांना घर पाडून गाळे काढता यायचे नाहीत."

"मंग झालं."

"पण ते मला दारात उभं करायचे नाहीत आई. तुला भेटता यायचं नाही."

तिनं माझं मनगट सोडलं. "नगं भेटूस," म्हणाली. "आन् आता मी तुला सगळ्यांदेखत शिव्या घालनार हाय. मनाला लावून घेऊ नगं."

बाहेर आलो. मी वकिलाला सांगितलं, घर असलेल्या कागदावर माझी सही मिळणार नाही. दादा ओरडायच्या आत आईनं सुरुवात केली. कैदाशीण म्हणाली, भावांच्या मुळावर आली म्हणाली, हिला जन्मताच मीठ चारायला पायजे व्हतं म्हणाली. अख्खं कार्यालय वळून बघत होतं. धाकटा तिच्या पाठीवरून हात फिरवत होता, "जाऊ दी आई, जाऊ दी." इतकी वर्षं हे दोघं तिच्या पोटचे, आणि त्यांना ती कोण आहे हे अजून कळलं नव्हतं.

पुढे बिल्डरचे फ्लॅट बुक होऊन बसले होते, त्याला थांबणं परवडेना. त्यानंच जमिनीपुरता वेगळा दस्त करून आणला आणि मी त्यावर सही करून दिली. घर तसंच राहिलं, आई त्यात राहिली. डबा वेळेवर येतो, असं ऐकते. मला चऱ्होलीत पाय ठेवायला बंदी आहे.

गेल्या लग्नसराईत एका नातलगाच्या कार्यात ती दिसली. दोन सुनांच्या मधे बसली होती, बरीच वाकली होती. मी समोर गेले तसं तिनं तोंड फिरवलं आणि मांडवभर ऐकू जाईल असं म्हणाली, "हिला कुनी बोलावलं हितं?" मला धावत जाऊन तिला मिठी मारावीशी वाटली. मारली असती तर दुसऱ्या दिवसापासून तिचा डबा बंद झाला असता. म्हणून मीही तोंड फिरवलं.