चुकलं म्हण आणि मोकळी हो

स्नेहलताला भांडण म्हणून कधी जमलंच नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या खेड्यातून धुळे, पुणे करत ती जर्मनीत हायडेलबर्गला रसायनशास्त्रात डॉक्टरेट करायला पोचली, ती काही नुसत्या हुशारीवर नव्हे. वसतिगृहाच्या बाईंपासून तिथल्या प्रोफेसरांपर्यंत कुणी आवाज चढवला की ही मान खाली घालून ‘चुकलं’ म्हणायची. चूक असो वा नसो. समोरच्याचा राग तिथेच ओसरायचा आणि ही आपल्या कामाला मोकळी. आपल्याकडे मुलींना हे बाळकडूच पाजतात, आणि वर गुणाची पोर म्हणून कौतुकही करतात.

१९५८च्या उन्हाळ्यात भावाचं, दत्तात्रयचं, पत्र आलं. शेजारच्या घरात महिन्याभरात दोन मुलं दगावली होती आणि भगतानं बोट दाखवलं होतं या दोघा भावंडांच्या थोरल्या बहिणीकडे. सरलाअक्का विधवा, माहेरी येऊन राहिलेली, जिभेची तिखट. तिला गावानं डाकीण ठरवलं होतं. पंच बोलावणार होते आणि अक्का म्हणत होती, मी काही केलेलं नाही, मी कुणाच्या बापाला भीत नाही. ‘तूच तिला समजाव,’ भावानं लिहिलं होतं. ‘तुझं ती ऐकते.’

स्नेहलतानं त्याच दिवशी उत्तर लिहिलं. ‘अक्का, वाद घालू नकोस. पंचांपुढे चुकलं म्हण, नारळ ठेव आणि मोकळी हो.’ पत्र पेटीत पडलं तेव्हा तिला हायसं वाटलं.

बारा दिवसांनी, एका रविवारी, घरमालकीण फ्राऊ लिंडनर तिला आपल्या माहेरच्या गावी घेऊन गेली. तिथल्या जुन्या बुरुजात दोन खोल्यांचं म्युझियम होतं, तीनशे वर्षांपूर्वी चेटकिणी म्हणून जाळलेल्या बायकांचं. अंगठे चिरडायच्या चापापुढून स्नेहलता झटकन पुढे सरकली. पण ती थांबली काचेखालच्या एका कागदापाशी. जुन्या वळणाचं अक्षर तिला लागेना, म्हणून फ्राऊ लिंडनरनं चष्मा लावून वाचून दाखवलं. कुणी एक विधवा. शेजाऱ्याचं मूल मेलेलं. दोन आठवडे ती नाही नाही म्हणत राहिली आणि मग म्हणाली, हो, मी केलं.

“छळलं म्हणून?”

“हो, छळ तर होताच. पण हिला पाद्र्यानं सांगितलं, कबूल कर म्हणजे सुटशील.” फ्राऊ लिंडनरनं चष्मा काढला. “अगं, कबुलीशिवाय जाळता येत नसे. कायदाच तसा होता. बिचारीला ते कुणी सांगितलंच नाही.”

पोस्ट कुठे आहे, एवढंच स्नेहलता विचारत राहिली. रविवारचं गावातलं पोस्ट बंद. हायडेलबर्गला परतून तिनं स्टेशनजवळच्या, रविवारीही उघड्या पोस्टातून तार केली, ‘काही कबूल करू नका.’ रोमन लिपीतले ते मराठी शब्द कारकून पुन्हा पुन्हा तपासू लागला, तेव्हा ती त्याच्यावर चक्क ओरडली. जन्मात पहिल्यांदा, आणि तेही नको त्या माणसावर.

तीन आठवड्यांनी दत्तात्रयचं पत्र आलं. ‘तुझं पत्र मीच अक्काला वाचून दाखवलं. ती दोन दिवस जेवली नाही. मग पंचांपुढे जाऊन चुकलं म्हणाली. पंचांनी विचारलं, काय चुकलं? तिला सांगता येईना. लोक तिच्या अंगावर धावून गेले. मला चौघांनी धरून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी अक्का गेली. तुझी तार त्याच्या दुसऱ्या दिवशी आली.’

पत्राची घडी घालताना स्नेहलताच्या लक्षात आलं, कागदाच्या मागच्या बाजूलाही मजकूर आहे.

‘लता, आता ती राहिली नाही, तेव्हा मला तरी खरं सांग. अक्कानं त्या पोरांना केलं तरी काय होतं? तुला ती बोलली असणारच. त्याशिवाय तू तसं लिहिणार नाहीस.’