तपासणाऱ्याचा शब्द

माझे थोरले दीर चौतीस वर्षं धर्मादाय दवाखान्यात औषधाच्या खिडकीवर होते. सगळे त्यांना आप्पा म्हणतात, मीही म्हणते. निवृत्त झाले तरी ते घरी बसले नाहीत. रोज सकाळी सव्वाआठला इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि माझ्या यजमानांबरोबर निघायचं, बिनपगारी. आमचे हेही तिथेच कंपाउंडर. आप्पांनीच ह्यांना हाताला धरून शिकवलं. घरात बायकामुलांचं म्हणाल तर आप्पांच्या पत्नीला जाऊन नऊ वर्षं झाली, मूल नाही. आम्हालाही नाही. म्हणजे दोघे भाऊ, मी आणि ती खिडकी.

खिडकीवर दोघे लागतात. एकजण चिठ्ठी वाचून कप्प्यातून औषध काढतो, ट्रेमध्ये ठेवतो. दुसरा चिठ्ठी नव्याने वाचतो, गोळ्या ताडून बघतो, कोपऱ्यात खूण करतो आणि मगच ते औषध माणसाच्या हातात जातं. तपासणाऱ्याने नाही म्हटलं की काढणाऱ्याने वाद घालायचा नाही. ट्रे मागे घ्यायचा, तो म्हणेल ते काढायचं. फार पूर्वी दोघे कंपाउंडर खिडकीतच हुज्जत घालत बसले आणि घाईत एक बाई भलतीच पुडी घेऊन गेली. वेळेवर कळलं म्हणून निभावलं. तेव्हापासून आप्पांनी नियमच केला. ‘भांडायचं तर खिडकी बंद झाल्यावर. तोवर तपासणाऱ्याचा शब्द शेवटचा.’ काढणारे आमचे हे, तपासणारे आप्पा.

संध्याकाळी टीव्हीवर प्रश्नांचा खेळ लागायचा, तो दोघांना फार प्रिय. समोरचा स्पर्धक तोंड उघडायच्या आत आप्पा उत्तर द्यायचे. ह्यांनाही येत असायचं, पण हे थांबायचे. मी भाजी निवडता निवडता म्हणायचे, “बोला की तुम्हीही.” तर म्हणायचे, “आप्पा बोलले ना.”

तीन वर्षं फॉर्म भरून अखेर ह्यांना बोलावणं आलं. अडलं तर एका माणसाला फोन करायची सोय असते. तिथे कुणाचं नाव लिहायचं हे ह्यांना विचारावंही लागलं नाही.

फोन आला तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते. आधी त्या लोकांनी बजावलं, सहावा प्रश्न आहे, टीव्ही बंद ठेवा, जवळ पुस्तक नको. आप्पा उभे राहून बोलले, साहेबांशी बोलावं तसे. माझे हात कणकेने भरलेले, मी तशीच दाराशी. ह्यांचा आवाज बारीक ऐकू आला. क्विनाईन सिंकोनाच्या झाडाच्या कोणत्या भागापासून काढतात? मूळ, साल, पान की बी?

“मूळ,” आप्पा म्हणाले.

“नक्की?”

“नक्की.”

मग फोन बंद. मला त्यातलं काय कळतंय? मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. आप्पा म्हणाले, “सोपा होता. उगाच घाबरला धाकटा.”

दुसऱ्या दिवशी हे परत आले. बॅग ठेवली, पाय धुतले. म्हणाले, “कार्यक्रम लागेपर्यंत बोलायचं नाही. सही घेतलीय.” आप्पांनी डोळा मारला. मला वाटलं, चांगलंच असणार. पुढचे तीन आठवडे आप्पा खिडकीवर येईल त्याला सांगत होते, “सहावा प्रश्न आला की नीट बघा. तो माझा.”

कार्यक्रमाच्या दिवशी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. वरच्या मजल्यावरचे मास्तर होते, इस्त्रीवाला होता, वायरमन बायकोला घेऊन आला होता. मी सगळ्यांना चहा दिला. पहिल्या पाच प्रश्नांना टाळ्या पडल्या. सहाव्याला आप्पांचा आवाज टीव्हीतून आला तेव्हा त्याहून जास्त पडल्या. पडद्यावर ह्यांचा चेहरा जवळून दाखवला. ओठ हलले, मिटले. मग म्हणाले, “मूळ.” आणि लगेच लाल दिवा लागला.

“अहो, साल!” मास्तर ओरडले. “शाळेतल्या पोराला येतं हे!”

“मुळावरच आला की भाऊ,” इस्त्रीवाला म्हणाला, आणि मग त्याला आठवलं की आप्पा त्याच्या शेजारीच बसलेत. “म्हणजे होतं असं. फोनवर नीट ऐकू येत नाही.”

“फोन केलाच कशाला पण?” वायरमन म्हणाला. “मी असतो तर खेळ सोडला असता. असतील नसतील ते पैसे घेऊन गुपचूप घरी.”

“तू असतास तर पहिल्याच प्रश्नाला घरी असतास,” त्याची बायको म्हणाली. सगळे हसले. आप्पाही हसले.

मग आप्पा म्हणाले, “सालच. मी साल म्हणालो होतो.”

मास्तर म्हणाले, “आप्पा, आत्ता ऐकलं ना आपण सगळ्यांनी. मूळ म्हणालात.”

“असं?” आप्पा म्हणाले. कपबश्या गोळा करायला मला हातभार लावू लागले.

हे खोलीच्या खिडकीशी, सगळ्यांकडे पाठ करून उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. मला ना राग आला, ना रडू. कपड्याला पाणी लागून तो जड व्हावा तसं सगळं जड झालं होतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात काय झालं ते मला झाडूवालीने सांगितलं. रांगेतल्या एकाने गोळ्या हातात घेतल्या आणि विचारलं, “आप्पा, ही मुळाची की सालीची?” रांग हसली. आप्पांनी खूण केली, पुढचा ट्रे ओढला. तिसऱ्या दिवशी तापाच्या मुलाला घेऊन आलेली एक बाई म्हणाली, “आप्पा, राग मानू नका, पण तुमच्या भावाला एकदा बघू द्या.” यात विनोद नव्हता. त्या दिवशी आप्पा जेवले नेहमीइतकंच, पण हात धुवायचे विसरले.

त्याच दुपारी एका बाईंचा फोन आला. टायपिंगचा क्लास चालवणाऱ्या. खेळात ह्यांच्याबरोबर आलेल्या दहाजणांपैकी एक. त्या दहाजणांचा मोबाईलवर ग्रुप आहे, कोण कुठे चुकलं याचा कीस अजून चालतो.

“वहिनी, भाऊसाहेब ग्रुपवर बोलत नाहीत म्हणून तुम्हाला केला. सगळे त्यांच्या भावाला नावं ठेवताहेत. पण मी समोर बसले होते. फोनच्या आधीच ते पुटपुटले होते, साल. मी ओठ वाचले. त्यांना येत होतं हो! मग असं का केलं?”

मी म्हटलं, “विचारते.”

संध्याकाळी स्वयंपाकघरात विचारलं. हे पाणी पीत होते. पेला खाली ठेवून म्हणाले, “हो. येत होतं.”

“मग फोन का केलात?”

“दुसऱ्याने बघितल्याशिवाय कधी दिलंय काही?”

“पण ते चुकले हे कळलं ना तुम्हाला?”

“कळलं. पण ते मूळ म्हणाले आणि मी ट्रे मागे घेतला. विचार केलाच नाही. हात सवयीने जातो तसं झालं.” मग म्हणाले, “आणि दवाखान्यातही आता तसंच चाललंय.”

मला समजलं नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं. चार महिने झाले, आप्पा चुकताहेत. बरोबर औषधाला नाही म्हणतात, भलतं काढायला लावतात. हे वाद घालत नाहीत. म्हणतील ते काढतात, आप्पा खूण करतात, आणि हे “पुडी बांधून देतो” म्हणून आतल्या टेबलावर नेतात आणि चिठ्ठीप्रमाणे बदलून देतात. कुणाला पत्ता नाही.

“त्यांना सांगायचं नाही?”

“ती खिडकी काढून घेतली तर त्यांच्याकडे राहतं काय?”

मी मागे वळले. आप्पा आपलं ताट घेऊन दारात उभे होते. किती वेळ ते देव जाणे.

“चुका किती झाल्या?” आप्पांनी विचारलं.

हे म्हणाले, “अकरा.”

“बाहेर किती गेल्या?”

“एकही नाही.”

“तूच काढतोस आणि तूच तपासतोस? चार महिने?”

“हो.”

“आणि तू चुकला असतास तर?”

आप्पांनी ताट मोरीत ठेवलं, नळ सोडला, स्वतःच विसळलं. कधी नव्हे ते.

“त्या खेळात तू केलंस ते बरोबर केलंस,” नळ बंद करून ते म्हणाले. “नियम बरोबर आहे. तपासणारा बदलायला हवा. उद्या डॉक्टरबाईंना सांग, नाहीतर मी सांगतो.”

“आप्पा, मी…”

“भांडायचं तर आत्ता भांड. खिडकी बंद आहे.”

हे भांडले नाहीत. मला वाटलं हे रडतील, पण तेही नाही. आप्पा आपल्या खोलीत गेले. टीव्हीवर खेळाची वेळ झाली होती, कुणी लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सव्वाआठला आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. हे चपला घालून थांबले होते. आप्पा म्हणाले, “तू हो पुढे.” हे गेले. डॉक्टरबाईंनी एका मुलीला बसवलं तपासायला, नुकतीच शिकून आलेली. बोलत नाही फारशी, पण चिठ्ठी दोनदा वाचते म्हणे.

आप्पा शर्ट न बदलता स्वयंपाकघरात येऊन बसले. मी चहा दिला. तो संपला, तरी बसून राहिले.

“दे काहीतरी,” म्हणाले.

मी तांदळाचं ताट पुढे केलं. एकेक दाणा सरकवत त्यांनी दहा वाजेपर्यंत तांदूळ निवडले. खडे बाजूला मांडले, ओळीने. मग ताट माझ्याकडे ढकललं.

“तू बघून घे एकदा.”

मी ‘राहू द्या’ म्हणणार होते, तोंडावर आलं होतं. मग समोर बसले आणि सगळं ताट पुन्हा निवडलं. दोन खडे निघाले. ते त्यांच्या ओळीच्या शेवटी ठेवले. आप्पांनी पाहिलं, मान हलवली. मी तांदूळ धुवायला उठले.